ड्रायव्हिंगच्या बाईंची पहिली रेकॉर्ड

माझा नवरा मोटारीचे ब्रेक पेडल डिझाइन करायचा. अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या एका कंपनीत त्याचं टेबल पेडलांच्या ड्रॉइंगनी भरलेलं असे, आणि पेडलावर पाय किती जोरानं पडला तर गाडी किती फुटांत थांबते, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. बायकोला गाडी शिकवायला बसला की या ज्ञानाचं काय व्हायचं कुणास ठाऊक. "ब्रेक! अगं ब्रेक! ब्रेक!" एवढंच. तिसऱ्या दिवशी मी मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी मधोमध उभी केली, किल्ली त्याच्या हातात दिली आणि नोव्हेंबरच्या थंडीत पायी घरी निघाले. घर चार मैलांवर आहे आणि रस्त्याला फुटपाथच नाही, हे माझ्या दहा मिनिटांनी लक्षात आलं. परत त्याच गाडीत जाऊन बसावं लागलं. त्यानंतरचा अपमान मी इथे लिहीत नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी नागपूरहून केमिस्ट्रीची एम.एस्सी. घेऊन आले होते आणि नवऱ्याच्या व्हिसावर असल्यामुळे मला नोकरी करता येत नव्हती. गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नव्हतं. मराठी मंडळातल्या बायका भेटल्या की हमखास विचारायच्या, "अजून ड्राइव्ह करत नाहीस? आमच्या ह्यांनी तर मला दोन दिवसांत शिकवलं." त्यांचे हे आणि माझा हा, सगळे गाड्याच बनवत होते. पण माझा हा जरा जास्तच मन लावून बनवत असावा.

शेवटी एका ड्रायव्हिंग स्कूलला फोन केला. ठरल्या दिवशी डोक्यावर पिवळी पाटी लावलेली गाडी आमच्या अपार्टमेंटसमोर थांबली आणि आतून पन्नाशीची, उंच, भरदार बांध्याची काळी बाई उतरली. नवऱ्यानं पडद्याच्या फटीतून पाहिलं.

"स्कूलला फोन करून विचारू का? दुसरं कुणी अवेलेबल असेल तर..."

हाच माणूस दोन महिन्यांपूर्वी मंडळाच्या गणपतीहून घरी येताना रागानं थरथरत होता. तिथे एका काकांनी त्याला तीनदा विचारलं होतं, "आडनाव काय म्हणालात?" तीनदा सांगितल्यावर, "तसं नव्हे हो, मूळचे कुठले?" आम्ही नागपूरचे बौद्ध. आडनाव पहिल्या खेपेलाच नीट ऐकू गेलं होतं, हे आम्हालाही कळलं होतं आणि काकांनाही. त्या दिवशी घरी येईपर्यंत नवरा मला माणसाच्या समानतेवर बोलून दाखवत होता. आणि आज पडद्याआडून डोळे बारीक करून बघत होता.

मी "नको, जाऊ दे" म्हणाले. मोठ्या मनानं म्हणाले असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आले. खरं म्हणजे तेवढ्यात बेल वाजली होती आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला इंग्रजीत परत कसं पाठवायचं, ते मला येत नव्हतं.

मनातल्या मनात मी त्यांना बाई म्हणायला लागले, शाळेतल्या बाईंसारखं. बाई ओरडायच्या नाहीत. त्यांच्या बाजूला एक जास्तीचा ब्रेक होता आणि त्याच्यावर त्यांचा पाय निवांत ठेवलेला असायचा. त्या सतत काहीतरी गुणगुणत असायच्या. मी नीट चालवत असले की गुणगुणणं चालू, कुणाच्या अंगावर जायला लागले की बंद. आठवड्याभरात मी आरशाऐवजी त्या गुणगुणण्यावरच गाडी चालवायला शिकले.

मिशिगनमध्ये डावीकडे वळायचं तर बऱ्याच मोठ्या रस्त्यांवर आधी सरळ पुढे जायचं, मग यू-टर्न घ्यायचा आणि मग उजवीकडे वळायचं. हे मला काही केल्या जमेना. एका दुपारी तीनदा चुकल्यावर बाईंनी मला एका बेकरीसमोर गाडी लावायला सांगितली आणि "थोडा श्वास घे" म्हणून टेप लावला.

टाळ्या ऐकू आल्या. मग बेस गिटारचा एक जाड, मऊ सूर, कुणी तार अंगठ्यानं ठोकून वाजवावी तसा. आणि मग एक बाई गायला लागली. इंग्रजी गाणी मला तोवर सगळी सारखीच वाटायची. पण हा आवाज वेगळा होता. भांडताना आवाज चढवायची गरजच नसलेल्या बाईचा आवाज.

"कोण गातंय?" मी विचारलं.

"होती एक मूर्ख," बाई म्हणाल्या आणि पुढच्या ओळीला सहज टेपच्या बरोबरीनं गुणगुणल्या. श्वास घ्यायच्या जागासुद्धा त्याच.

"तुम्ही?"

"वळायला इतका वेळ लावतेस, आणि हे बरं पटकन कळलं!"

त्यांनी सगळं सांगितलं ते पुढच्या तीन-चार लेसनमध्ये, तुकड्यातुकड्यानं, "लेन बदल" आणि "आरसा बघ" यांच्या मधून मधून. डेट्रॉइटमध्ये लहानपणी चर्चमध्ये गायल्या, मग बारा वर्षं लग्नांत, क्लबांत, दुसऱ्यांच्या मागे उभं राहून. स्वतःची पहिली रेकॉर्ड करायला मिळाली ती ऐंशीच्या दशकाच्या अगदी सुरुवातीला. तेव्हा डिस्को नुकताच मेला होता.

"मेला म्हणजे लोकांनी मारला," त्या म्हणाल्या. "काल नाचत होते तेच आज म्हणायला लागले, छे, आम्ही कधी नाचलोच नाही. आणि माझी पाळी नेमकी तेव्हा आली."

कंपनीतल्या माणसांनी आधी व्हायोलिनवाल्यांना घरी पाठवलं, कारण व्हायोलिन म्हणजे डिस्को. मग टाळ्या वाजवायचं यंत्र आणलं. स्टुडिओत सहा माणसं रिकाम्या हातांनी बसलेली, आणि टाळ्या यंत्र वाजवणार! आठ गाणी झाली. काळ्यांच्या रेडिओला ती फार गोरी वाटली, गोऱ्यांच्या रेडिओला फार काळी, आणि दोघांनाही फार डिस्को. वर्षभरात ती रेकॉर्ड दुकानांच्या स्वस्तातल्या खोक्यात जाऊन पडली. दुसरी निघालीच नाही.

"फोटो तरी दाखवा ना," मी म्हटलं. "कव्हरवरचा."

"कव्हरवर मी नाही. नावही कंपनीनंच ठेवलेलं. टॅक्सीतून उतरणाऱ्या एका मुलीचे पाय आहेत, सोनेरी मोज्यातले. कंपनीचं म्हणणं पडलं, माझ्या चेहऱ्यापेक्षा ते जास्त विकले जातील." त्यांनी माझं स्टिअरिंग जरा सरळ केलं. "तेही नाही विकले गेले. तेवढं एक समाधान."

पहिल्या टेस्टमध्ये मी नापास झाले, कारण एका स्टॉप साइनला मी इतका वेळ थांबले की परीक्षक घड्याळ बघायला लागला. दुसऱ्या वेळी, मार्चमध्ये, पास झाले. त्या आनंदात मी बाईंना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. नवरा आता त्यांच्याबद्दल इतक्या आदरानं बोलायचा, जणू त्यानंच त्यांना शोधून आणलं होतं.

गोष्ट बिघडवली, की घडवली म्हणू, ती त्याच्या कारपूलमधल्या पुण्याच्या मित्रानं. मंडळात त्याला सगळे दर्दी म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. त्याच्या घरी त्याच्या बायकोपेक्षा उंच स्पीकर होते. पाहुण्यांना तो सोफ्यावरच्या एका ठराविक जागी बसवायचा, कारण आवाज खरा फक्त तिथेच ऐकू येतो. मग आपण तिथे मान न हलवता बसायचं आणि तो आपल्या चेहऱ्याकडे बघत उभा राहायचा. आमच्याकडे डेट्रॉइटची बाई जेवायला येणार हे कळल्यावर तो म्हणाला, "मी येतो. तिला जरा दाखवू या, आपल्यालाही त्यांच्या म्युझिकमधलं कळतं."

आला तो टर्नटेबल घेऊनच. मागच्या सीटवर, तान्ह्या मुलाला बांधावं तसं बेल्टनं बांधून आणलं होतं. बाई आमच्याकडची पद्धत पाहून दारात बूट काढून जाड लोकरी मोज्यांत बसल्या होत्या आणि आमच्या नागपूरकडच्या झणझणीत रश्शात टॉर्टिया बुडवून खात होत्या. पोळ्या मला तेव्हा जमत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्या ताट सोडायला तयार नव्हत्या.

दर्दीनं त्यांच्याशी हात मिळवला आणि पिशवीतून एक रेकॉर्ड काढली. कव्हरवर टॅक्सी होती. टॅक्सीच्या दारातून सोनेरी मोज्यातले दोन पाय बाहेर आले होते.

मी तोंड उघडलं. टेबलाखालून बाईंनी माझ्या पावलावर आपलं पाऊल ठेवलं, अगदी त्या जास्तीच्या ब्रेकवर ठेवावं तसं.

"ही तुम्हाला माहीत नसेल," दर्दी त्यांना म्हणाला. "फार रेअर आहे. मला एका गराज सेलमध्ये, कुणाच्या जुन्या सामानात मिळाली. विकणाऱ्याला कल्पनाच नव्हती."

"कशाची?" बाईंनी विचारलं.

मग अर्धा तास त्यानं त्यांना कल्पना दिली. डिस्कोनंतर सोल आणि फंक या काळ्यांच्या संगीताचं काय झालं, यंत्रं कशी आली, बेस पुढे कसा आला. बरंचसं बरोबरही असावं, कारण बाई मधूनमधून "असं का?" म्हणत मान हलवत होत्या. गायिका मूळची फिलाडेल्फियाची, असं त्यानं सांगितलं. आधी मॉडेल होती.

"पाहा ना पाय," तो म्हणाला.

बाईंनी कव्हर हातात घेतलं, नीट पाहिलं. "छान आहेत," त्या म्हणाल्या. "आता कुठे असते ही?"

"गेली. ड्रग्ज. सात-आठ वर्षं झाली."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "मला कुणी कळवलंच नाही."

नवऱ्याला ठसका लागला. दर्दीला वाटलं रश्शाचा. त्यानं दुसरी बाजू लावली आणि बोट वर करून आम्हाला गप्प केलं. "आता शेवटचं गाणं. याच्या शेवटी एक ठोका आहे. गाणं संपलंय, सगळी वाद्यं थांबलीयत, आणि एक ठोका. तालाच्या बाहेरचा. मी याच्यावर खूप विचार केलाय. आपल्याकडे समेला महत्त्व आहे ना? तर इथे तिनं मुद्दाम सम नाकारली आहे."

गाणं संपलं. धप्प असा आवाज आला. दर्दीनं डोळे मिटले.

"मी स्टुलावरून पडले," बाई म्हणाल्या.

त्यानं डोळे उघडले.

"आठवं गाणं होतं. सकाळपासून उभी होते, म्हणून कुणीतरी स्टूल दिलं. शेवटचा सूर सोडला आणि मागे टेकायला गेले, तर त्याला पाठच नव्हती. इंजिनिअर म्हणाला, पुन्हा करू या. मी म्हटलं, मी काही पुन्हा पडणार नाही." एवढं बोलून त्यांनी आपले लोकरी मोज्यातले पाय उचलले आणि कव्हरवरच्या पायांशेजारी धरले. "आणि हे माझे नाहीत."

दुसरा कुणी असता तर पाया पडला असता, किंवा निदान हसला असता. दर्दीनं रेकॉर्ड कव्हरमध्ये घातली, कव्हर प्लॅस्टिकमध्ये घातलं आणि म्हणाला, "पण मॅगझिनमध्ये फिलाडेल्फिया लिहिलंय."

बाईंनी त्याला स्टुडिओचा पत्ता सांगितला, बेसवाल्याची खोड सांगितली, तिसऱ्या गाण्यातली कुठली ओळ कंपनीनं बदलायला लावली ते सांगितलं. त्यातल्या दोन गोष्टींवर तो त्यांच्याशी वाद घालत बसला. स्वतःच्या रेकॉर्डबद्दल त्यांना त्याच्यापेक्षा कमी माहिती आहे, असंच एकंदर त्याचं मत पडलं.

पुढच्या आठवड्यात मात्र मंडळाच्या मीटिंगमध्ये त्यानं जाहीर केलं, "मी एका हरवलेल्या अमेरिकन गायिकेला शोधून काढलंय." येत्या दिवाळीच्या कार्यक्रमात तिला बोलवायचं ठरलं. अध्यक्षा असलेल्या काकूंनी, म्हणजे त्या आडनाव विचारणाऱ्या काकांच्या पत्नीनं, मला बाजूला घेतलं. "कपडे नीट घालेल ना गं? साडी दिली तर नेसेल का? आणि गाणं जरा आपल्यासारखं घे म्हणावं. मुलं असतात."

बाई नाही म्हणतील अशी मला खात्री होती. मी आता गाडी चालवत होते आणि त्या शेजारी नुसत्या बसल्या होत्या. लेसन संपले तरी आठवड्यातून एकदा आम्ही अशी चक्कर मारायचो.

"दिवाळीचं गाणं मला येत नाही," त्या म्हणाल्या.

"तुमचंच म्हणा."

त्यांनी सीटबेल्ट नीट केला. मग म्हणाल्या, "अकरा वर्षांत चर्चबाहेर कुणी मला गायला बोलावलेलं नाही, हनी. एका माणसानं बोलावलं, तर तो हा निघावा!" त्या इतक्या जोरात हसल्या की मी लेन सोडली. आणि मग त्या येते म्हणाल्या.

मंडळाच्या तबलजीनं दोन दिवस आधी कॅन्सल केलं. असल्या गाण्यात तबल्याला वाव नाही, असं त्याला वाटलं. तेव्हा माझा नवरा उठला आणि क्लोजेटमध्ये सूटकेसच्या मागे ठेवलेली ढोलकी घेऊन आला. नागपूरला वस्तीतल्या गाण्याच्या पार्टीत तो कॉलेज संपेपर्यंत वाजवायचा. अमेरिकेत आल्यापासून ती त्यानं एकदाही बाहेर काढली नव्हती. मंडळात तबला चालायचा. ढोलकी काढली असती तर त्या काकांना चौथ्यांदा आडनाव विचारायची गरजच पडली नसती.

आमच्या हॉलमध्ये बाईंनी त्याला समजावलं, "पहिला ठोका मला पक्का दे. एकवर. मधे तुला जे करायचं ते कर, पण एकवर मला भेट."

"म्हणजे सम," नवरा म्हणाला. "काहून नाही!" आणि वाजवायला लागला. पाचव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं छताला झाडू ठोकला. तोही बऱ्यापैकी तालात होता.

दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. दीड तास उशिरा सुरू झाला, त्यात आश्चर्य नव्हतं. लेझीम झाली, नाटुकलं झालं, संवाद विसरलेल्या मुलांना पालकांनी पहिल्या रांगेतून मोठ्यांदा प्रॉम्प्ट केलं. बाई जांभळा साधा ड्रेस घालून विंगेत उभ्या होत्या. साडीचा विषय मी त्यांच्यापर्यंत पोहोचवलाच नव्हता. शेवटी दर्दी माइकवर आला आणि त्यांची ओळख करून द्यायला लागला. गराज सेलपासून सुरुवात केली. स्वतः त्या शोधापर्यंत कसा पोहोचलो हे सांगता सांगता दहा-बारा मिनिटं गेली. आणि त्यानं "तर आता ऐकू या" म्हणायला आणि मागच्या दारातून कुणीतरी "पानं घेतली आहेत!" म्हणायला एकच गाठ पडली.

त्यानंतरची झुंबड मी कधी विसरणार नाही. चारशे लोक होते. श्रीखंडाचं नाव निघालं आणि सभागृहाचं दार जणू भरधाव सुटलेल्या गाडीनं फोडलं. बाई स्टेजवर आल्या तेव्हा खुर्च्यांत माझ्यासारखे तीस-चाळीस उरले होते, त्यांतली निम्मी मुलं. दर्दीसुद्धा नव्हता, त्याला पाहुण्यांसाठी वेगळं पान काढून ठेवायचं होतं.

नवऱ्याचं तोंड उतरलं. बाईंनी सभागृहभर नजर फिरवली, माइक बाजूला सारला आणि त्याला म्हणाल्या, "यापेक्षा कमी लोकांसमोर गायलेय मी. एकवर भेट."

त्या तेच शेवटचं गाणं गायल्या. माइक नव्हता, व्हायोलिन नव्हतं, टाळ्यांचं यंत्र नव्हतं. नवरा आधी घाबरत वाजवत होता, मग त्याचे खांदे सैल झाले आणि वस्तीतलं काहीतरी त्याच्या बोटांत उतरलं. त्याचा असा चेहरा मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. मुलं स्टेजजवळ सरकली. "हू इज शी?" एका मुलीनं मला विचारलं. मी म्हणाले, "माय ड्रायव्हिंग टीचर." मुलीला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. शाळेचा सफाई कामगार मॉप घेऊन दारात उभा होता, तो गाणं संपेपर्यंत हलला नाही.

मी रडले. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही.

नंतर काकू हातात श्रीखंडाची वाटी घेऊन आल्या. त्यांनी मागून अर्धं ऐकलं होतं. "आवाज छान आहे हो," त्या मला म्हणाल्या. "थोडं शास्त्रीय शिकली असती तर कुठच्या कुठे गेली असती." आणि नवऱ्याकडे वळून, "ढोलकी बरी वाजवतोस. आमच्या लावणीच्या कार्यक्रमाला उपयोगी पडशील."

मी बाईंना जेवण वाढलं. त्यांनी श्रीखंड तीनदा घेतलं. काकू काय म्हणाल्या ते विचारलं, तर मी जसंच्या तसं सांगून टाकलं. "बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "कंपनीलाही काहीतरी थोडं कमीच वाटलं होतं."

दोन वर्षांनी नवऱ्याला शिकागोकडे नोकरी मिळाली आणि आम्ही नेपरव्हिलला निघालो. बाई निरोप द्यायला आल्या तेव्हा त्यांच्या गाडीत नवी विद्यार्थिनी बसली होती. काकू! काकांची बायपास झाली होती आणि काकूंना म्हणे दोन दिवसांत गाडी शिकवणारे हे आता स्वतःच मागच्या सीटवर बसले होते. काकूंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जणू ते कुणी पळवून नेणार होतं. मला बघून त्या हसल्या नाहीत, कारण हसायचं तर नजर रस्त्यावरून काढावी लागली असती, आणि गाडी तर उभी होती.

"कशा आहेत?" मी बाईंना हळूच विचारलं.

"आरसा बघत नाहीत. सगळा वेळ मला सूर लावायला शिकवतात."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार, शिकते. त्या सुरात असतात तोवर ब्रेक दाबत नाहीत, म्हणून मीच दाबते."

त्यांनी मला घट्ट मिठी मारली आणि नवऱ्याला ढोलकी डिकीत नको, सीटवर ठेव म्हणून बजावलं. मग त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. गाडी हिसके देत निघाली, कोपऱ्यावर थांबली, पुन्हा हिसका देऊन उजवीकडे वळली. इंडिकेटर डावीकडचा लागला होता.